पेन्सिलीचे त्र्याहत्तर ठिपके

आमच्या शहराच्या मुलींच्या फुटबॉल टीमने पहिल्याच हंगामात दुसरा नंबर काढला, हे आता मला जो तो सांगतो. भाजीबाजारात सांगतात, ऑफिसात सांगतात, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर टीमच्या मालकाच्या हसऱ्या फोटोसकट सांगतात. मला कुणी सांगू नये. चौदाच्या चौदा मॅच मी बघितल्या आहेत आणि लिहून ठेवल्या आहेत. नऊ जिंकल्या, तीन बरोबरीत सुटल्या, दोन हरलो. तीस गुण. चौदा मॅचमध्ये आठ गोल खाल्ले, लीगमधल्या आठ टीममध्ये सगळ्यात कमी. हा आकडा ज्या दोन मुलींमुळे आठवर राहिला, त्यातल्या एकीला दुसऱ्या हंगामासाठी टीमने घेतलं नाही. ती माझी मुलगी. आणि तिला काढलं ते माझ्या वहीवरून.

माझी नोकरी वजनकाटे तपासण्याची. सव्वीस वर्षं झाली. लासलगावला कांद्याचे ट्रॅक्टर ज्या भुईकाट्यांवर चढतात तिथपासून पंचवटीतल्या भाजीवाल्यांच्या काट्यांपर्यंत सगळं केलं. या कामात मला एक खोड लागली. काटा ओळखीच्या माणसाचा असला की मी दुप्पट कडक होतो. बायकोच्या मावसभावाचं निफाडला किराणा दुकान आहे. त्याच्या काट्यातला फरक चालण्याइतका आहे की जरासा जास्त, हे तिसऱ्यांदा वजन ठेवूनही ठरेना. दुसऱ्या कुणाचा असता तर पास केला असता. त्याचा नापास केला. अजूनही लग्नकार्यात तो मला बघून पंगतीची दुसरी बाजू धरतो.

तेव्हा बायको म्हणाली होती, "अहो, याला प्रामाणिकपणा नाही म्हणत. तुम्ही घाबरता. कोण काय म्हणेल, एवढंच तुमचं."

मी ते मनावर घेतलं नाही. घ्यायला हवं होतं.

टीम निघाली तेव्हा कुणाला फार आशा नव्हती. मुंबई-पुण्याच्या टीम जुन्या, कोल्हापूरच्या मुली लहानपणापासून मैदानात वाढलेल्या. आमच्याकडे एक भाड्याचं मैदान, एक कोच बाई आणि निवड चाचणीतून आलेल्या बावीस मुली. माझी मुलगी एकवीस वर्षांची. एका वर्षाचा करार तिच्या हातात पडला तेव्हा तिने तो मला वाचायला दिला आणि मी सगळी कलमं दोनदा वाचली. ती स्टॉपर, म्हणजे गोलकीपरच्या पुढे उभं राहून समोरून येणारं सगळं अडवायचं. असं काम दोघींचं. दुसरी स्टॉपर निफाडकडची. तिचे वडील द्राक्षबागायतदार, मॅचला माझ्या शेजारी बसायचे.

पहिल्या मॅचपासून मी वही नेली. कुणी सांगितलं नव्हतं. हाताला काही काम नसलं की मला बसवत नाही. प्रत्येक मुलीपुढे रकाने आखले. बॉल किती वेळा अडवला, किती वेळा काढून घेतला, चूक किती वेळा झाली. दर वेळी एक रेघ, शेजारी मिनिट. तिसऱ्या मॅचनंतर कोच बाईंनी वही चाळली आणि म्हणाल्या, "काका, आमच्याकडे हे करायला माणूसच नाही. दर मॅचला मला पानांचे फोटो पाठवाल?" तेव्हापासून माझी वही म्हणजे टीमची वही झाली. टीमचा मॅनेजर सगळ्यांपुढे म्हणायचा, "काकांचं माप म्हणजे माप." मला बरं वाटायचं. लपवत नाही.

अडचण अशी की दोन स्टॉपर एकमेकींना चिकटून खेळतात. बॉल दोघींच्या पायांत घुसतो आणि बाहेर येतो. कुणाचा पाय लागला, हे शंभर टक्के सांगता येत नाही. अशा वेळी मी काय करायचो? दुसरीच्या नावावर टाकायचो. आपल्या मुलीच्या नावावर कसं टाकणार? उद्या कुणी म्हणेल, बाप लिहितो, मुलीचं भरतो. आणि कुणाच्या चुकीने बॉल सुटला अशी शंका आली, तर चूक मुलीच्या नावावर. फक्त शंका होती हे लक्षात राहावं म्हणून दोन्ही वेळी त्या नोंदीच्या कोपऱ्यात पेन्सिलीने एक बारीक ठिपका.

शेजारचे बागायतदार हे बघायचे.

"साहेब, आत्ताचा तर तुमच्या पोरीनं काढला. मला दिसलं की इथनं."

"तुम्हाला दिसलं. मला खात्री नाही."

"तुम्हाला खात्री नाय तर माझ्या पोरीच्या नावावर कसा गेला? तिच्याबद्दल खात्री हाय का?"

मी वहीत डोकं घातलं. त्यांनी द्राक्षांची पिशवी पुढे केली. "घ्या. याचं वजन नका करू."

हंगाम संपला. सत्कार झाला. तो पंचावन्न मिनिटं चालला आणि त्यात खेळाडूंची नावं वाचायला दोन मिनिटं दहा सेकंद लागली. उरलेला वेळ शाली, नारळ आणि भाषणं. "पहिल्याच हंगामात उपविजेते" अशा फलकावर मालक, त्यांचे बंधू आणि आणखी चार जण मोठ्ठे होते. मुली खाली, पोस्टाच्या तिकिटाएवढ्या.

महिन्याभरात कोच बाई दुसऱ्या शहरात गेल्या. त्यांच्या जागी बाहेरून एक कोच आले. त्यांनी आमची एकही मॅच पाहिली नव्हती. मॅनेजरने माझ्या वहीच्या फोटोंवरून सगळे आकडे कॉम्प्युटरमध्ये भरले आणि त्यांच्यापुढे ठेवले. निफाडच्या मुलीने अडवलेले बॉल एकशे शहात्तर. माझ्या मुलीचे एकशे अठरा. चुका तिच्या चार, माझ्या मुलीच्या नऊ. एक स्टॉपर बाहेरून आणायची होती. मग दोघींतली कोणती ठेवायची, हे ठरवायला त्यांना पाच मिनिटंही लागली नसतील.

मुलीला मेसेज आला. फोन नाही, समोर बसून दोन शब्द नाहीत, मेसेज. "आकडेवारीच्या आधारे" असं त्यात लिहिलं होतं. तिने तो वाचला, फोन पालथा ठेवला आणि जाऊन बूट धुवत बसली. बूट स्वच्छ होते.

मी वही काढली आणि ठिपके मोजले. अडवलेल्या बॉलचे त्र्याहत्तर. सगळेच्या सगळे दुसरीच्या नावावर. त्यातले निम्मेही नाही, छत्तीसच माझ्या मुलीचे धरले, तर तिचे एकशे चोपन्न होतात आणि दुसरीचे एकशे चाळीस. चुकांच्या नऊपैकी पाचांवर ठिपके. मी तीनदा मोजले. त्र्याहत्तरच.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मॅनेजरकडे गेलो. तिशीतला मुलगा, नम्र, चहा मागवणारा.

"काका, हा ठिपक्यांचा विषय आत्ता कसा निघाला?"

"ठिपके पहिल्या मॅचपासून आहेत. तुम्ही विचारलं नाहीत आणि मी सांगितलं नाही, ही माझी चूक."

त्याने मोबाइलवर फोटो मोठा करून पाहिला. "यात तर काही दिसत नाही."

"पेन्सिल फिकट आहे. मूळ वही बघा ना."

त्याने वही हातात घेतली, दोन पानं उलटली आणि शांतपणे म्हणाला, "काका, राग मानू नका. पण वही महिनाभर तुमच्याच घरी होती."

सव्वीस वर्षांत मला असं कुणी म्हटलं नव्हतं. मी असं किती जणांना म्हटलं आहे, ते मात्र मला तिथेच, त्या खुर्चीत आठवलं. साहेब, काटा कालपर्यंत बरोबर होता, असं दुकानदार सांगतो तेव्हा मी मान वर न करता नापासचा कागद फाडून देतो.

"म्हणजे मी काल रात्री बसून ठिपके दिले?"

"असं मी कुठे म्हटलं? पण बाहेर कळलं तर लोक काय म्हणतील? मुलगी गेली म्हणून बापाने आकडे बदलले. तुमचंच नाव जाईल."

चहा तसाच ठेवून मी उठलो. राग त्याचा आलाच होता. पण लोक काय म्हणतील हे त्याने म्हटलं ना, तो त्याचा शब्द नव्हता. तो माझा होता. त्याच शब्दासाठी मी चौदा मॅच मुलीचं एकेक काढून दुसरीच्या पदरात टाकत आलो होतो.

रविवारी बागायतदार घरी आले. हातात द्राक्षांची पेटी, पण दारातच उभे.

"आत या."

"येतो, पण आधी ऐका. मी गेलो होतो त्या मॅनेजरकडं. म्हटलं, मी शेजारी बसत होतो, मी बघितले ठिपके देताना. तर म्हणतो, तुम्ही आणि साहेब मित्र, तुम्ही त्यांचंच सांगणार." ते खुर्चीच्या कडेवर टेकले. "माझ्या पोरीला कॅप्टन केलं त्यांनी. घरी येऊन रडली. म्हणती, यातलं माझं किती आणि तिचं किती, मला कळत नाय आता. साहेब, तुम्ही लय सरळ माणूस. पण दोघींचंबी वाटोळं केलं तुम्ही."

बायको पाणी घेऊन आली होती. तिने ऐकलं, पेला ठेवला आणि आत गेली. बोलली असती तर बरं झालं असतं.

ते गेल्यावर मी वही मुलीसमोर ठेवली. तिला ठिपक्यांचं काही माहीत नव्हतं. तिने पानं उलटली. काही मॅच तिला मिनिटासकट आठवत होत्या.

"हा? बावन्नाव्या मिनिटाचा? बाबा, हा अडवताना माझा गुडघा फुटला. तुम्हीच हळद लावलीत."

"दोघींचे पाय होते."

"तुमच्या मते या त्र्याहत्तरात माझे किती होते? वहीच्या नाही, तुमच्या मते."

"पन्नास तरी."

"मग पन्नास का नाही लिहिलेत?"

"लोक म्हणाले असते..."

"लोक आता काय म्हणतायत?"

मी द्राक्षांची पेटी उचलून बाजूला ठेवली.

"आणि मी तुमची मुलगी नसते तर?"

"तर लिहिले असते."

तिने वही मिटली. "मग मला दत्तक द्या कुणाला तरी. निफाडलाच द्या, द्राक्षं तरी मिळतील."

बायको आतून हसली. मुलगी हसली नाही. आठ दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली आणि मला ते योग्यच वाटलं.

नवव्या दिवशी तिने सांगितलं की पुण्याकडची एक टीम या वर्षी नव्याने लीगमध्ये उतरते आहे आणि तिने चाचणीसाठी नाव दिलं आहे. "तुम्ही येणार असाल तर या. वही आणली तरी चालेल. पेन्सिल नाही. पेन आणा."

गेलो. चाचणीची मॅच सकाळी होती. मैदानाच्या कडेला मी एकटाच रकाने आखून बसलो. त्यांच्या कोच, मध्यम वयाच्या बाई, उन्हात उभ्या राहून नुसत्या बघत होत्या. हातात कागद नव्हता. मधल्या सुट्टीत माझा फोन वाजला. आमचा मॅनेजर.

"काका, कसे आहात? पुढच्या महिन्यात आपला हंगाम सुरू होतोय. या वर्षीही वही लिहाल ना? नवे कोच म्हणाले, इतक्या निःपक्ष नोंदी त्यांनी कुठे पाहिल्या नाहीत."

"मी निःपक्ष नव्हतो," मी म्हटलं. "मी माझ्या मुलीच्या विरुद्ध होतो. तेच सांगायला तुमच्याकडे आलो होतो."

"बरं. मग दुसरं कुणी सुचवाल का?"

फोन बंद केला तेव्हा दुसरा हाफ सुरू झाला होता. एक बॉल उजवीकडून आला, माझी मुलगी आणि एक अनोळखी मुलगी दोघी त्यावर तुटून पडल्या, आणि बॉल बाहेर गेला. मला वाटलं मुलीचा पाय लागला. खात्री नव्हती. आणि माझं पेन त्या अनोळखी मुलीच्या रकान्यात जाऊन एक रेघ मारून मोकळंसुद्धा झालं होतं. मी ठरवायच्या आत. इतकी वर्षं मी जिला सचोटी म्हणत होतो, ती ही होती. नुसती हाताची सवय.

मी ती रेघ खोडली. जाड, दोनदा, दिसेल अशी. कुणाला वाटायचं ते वाटो. आणि मुलीच्या नावापुढे रेघ मारली.

मॅच संपल्यावर त्या बाई मुलीशी पाच मिनिटं बोलल्या. माझ्याकडे किंवा वहीकडे त्यांनी पाहिलंही नाही. मुलगी घाम पुसत आली.

"सोमवारी करारावर सही करायला बोलावलंय," ती म्हणाली. मग माझ्या मांडीवरच्या पानाकडे वाकून बघितलं. "ही खोडाखोड कसली?"

"चुकून दुसरीच्या नावावर टाकला होता."

"कितव्या मिनिटाचा?"

"एकसष्ट."

ती जरा आठवून म्हणाली, "तो तिचाच होता, बाबा." आणि पाण्याची बाटली घेऊन बसायच्या बाकाकडे गेली.

मी पेन उघडलं. मग तसंच बंद केलं आणि खिशात ठेवलं.