खळ्यावरचा घोडा

माझे वडील चाबुकस्वार. कोवळ्या घोड्यांना चाल शिकवण्यात त्यांची हयात गेली. मग अर्धांगवायूने त्यांचं उजवं अंग आणि वाचा दोन्ही नेली, आणि शहाडच्या घरी ते ओसरीवरच्या बाजेवर पडून राहू लागले. ताट पुढे केलं की तोंड फिरवायचे आणि काठीने गोठ्याकडे दाखवायचे. तिथे त्यांच्या लाडक्या घोडीचं शेवटचं शिंगरू, आता चांगलं अंगापिंडाने भरलेलं पण अजून खोगीर न चढलेलं, बांधलेलं असे. बाबांना एकदा त्याच्यावर बसायचं होतं.

आईने कानांवर हात ठेवले. "एकदा मरणाच्या दारातून परत आलेत, तेच पुष्कळ झालं," म्हणाली. मी मात्र हट्टाला पेटलो. त्यांचाच मुलगा मी, दुसरं काय होणार!

मळण्या उरकल्या होत्या. ओसरीपुढचं खळं मोकळं होतं आणि मधोमध बैल फिरवायचा खांब अजून उभा होता. लांब दोरी बांधून मी घोड्याला त्याच्याभोवती फिरवायला लागलो. आमच्याकडे मळणीचे बैल डावीकडेच वळत फिरतात. पणजोबांच्या वेळेपासून तसेच फिरत आलेले. मीही घोडा तसाच फिरवला. पुढे खोगीर घालून वर बसलो, तरी तसाच. बाबा ओसरीवरून काठी आपटत. मला वाटे, माझी मांड ढिली आहे. मी ताठ बसे. ते आणखी जोरात आपटत.

आणि घोडा काय शिकत होता! आगगाडी तेव्हा आमच्याकडे फार जुनी नव्हती. ती पुलावरून धडधडत गेली की आधी तो थरथर कापे. पुढे नुसता एक कान तिकडे टाकी आणि चालत राही. मी लगाम न ओढता फक्त श्वास सोडून खोगिरात जड झालो, की तो थांबे. पहिल्यांदा थांबला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. एवढ्या ताकदीचं जनावर, आणि माझा श्वास ऐकतं!

एका सकाळी त्याला नदीकडे काढला. वाट उजवीकडे वळते. घोडा वळेना. टाच लावली, लगाम दाखवला. पठ्ठ्याने डावीकडून अख्खी गिरकी घेतली आणि नदीकडे तोंड करून मोठ्या समाधानाने उभा राहिला. मी खदखदून हसलो, आणि हसता हसताच काठीचा अर्थ डोक्यात शिरला. चाबुकस्वाराच्या घरात मी बैल तयार केला होता.

मग उलटे फेरे सुरू केले. त्याची उजवी बाजू लाकडासारखी ताठ होती, बाबांसारखीच. हळूहळू ती सैल झाली, मान झुकली, बरगड्या माझ्या पायाभोवती वाकू लागल्या. काठी गप्प झाली.

शेवटी गड्याच्या मदतीने बाबांना वर चढवलं. आई पायरीवर पदर तोंडाशी धरून उभी. आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं. उजवीकडे वळायची खूण मी त्याला उजव्या पायाने शिकवली होती, आणि बाबांचा उजवा पाय रिकिबीत नुसता लोंबत होता. मी लगाम धरायला पुढे झालो. त्यांनी डाव्या हाताने मला बाजूला सारलं.

मग त्यांनी फक्त उजवीकडे पाहिलं. घोड्याचे दोन्ही कान मागे वळले. तो जरासा थबकला, आणि डोक्यावर भरली घागर असलेल्या बाईसारखा जपून, एकेक पाऊल टाकत उजवीकडे वळला. हे मी त्याला शिकवलं नव्हतं. कोणीच शिकवलं नव्हतं. त्याचं मला आजही नवल वाटतं. वर्षभर आम्ही बाबांना ओरडून विचारत होतो, पाणी हवंय का, कूस बदलायचीय का, आणि निम्म्या वेळा चुकत होतो. घोड्याला विचारावंच लागलं नाही.

फेरा पुरा करून तो ओसरीपुढे थांबला. बाबांच्या डोळ्यांना धार लागली होती. त्यांना उतरवायला मी हात पुढे केले, तशी आई पायरी उतरून आली आणि तिने माझा हात धरला.

"राहू दे रे," ती म्हणाली. "अजून एक फेरा मारू दे त्यांना."