खालचा थर

बारावीचा निकाल लागला तेव्हा शेजारच्या काकू पेढ्यांचा खोका घेऊन आल्या. कमलआत्याने त्यांच्यासमोरच खोका उघडला, वरचे पेढे ताटलीत काढले आणि खालचा एक उलटा करून पाहिला. काकूंचा चेहरा पडला. आई आतून ओरडली, "वन्सं, अहो काय हे!" आत्या शांतपणे म्हणाली, "वरचा थर सगळ्यांचाच चांगला असतो. बघायचा तो खालचा." मग पेढा तोंडात टाकून म्हणाली, "ताजे हायेत हो."

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. घाटकोपरला आमच्याकडेच राहायची. मरोळच्या एका कारखान्यात ती माल तपासायला होती. तिची नजर फिरल्याशिवाय खोका बंद होत नसे. ती सवय घरी आली होती. भाजीची जुडी ती सोडून बघायची, मीटर सुरू झाल्याशिवाय रिक्षात पाय ठेवायची नाही. कुणी चिडून विचारलं, "विश्वास नाही का?" तर म्हणायची, "हाय की. तो टिकावा म्हणूनच बघते."

माझ्या खेळावर तर तिचा मुळीच विश्वास नव्हता. बाबा चेंबूरच्या गोल्फच्या मैदानावर कॅडी आहेत, सभासदांच्या काठ्यांची पिशवी उचलतात. सोमवारी मैदान सभासदांना बंद असतं. त्या दिवशी कॅडींना आणि त्यांच्या मुलांना खेळू देतात. मी तिथेच शिकले, एका सभासदाने टाकून दिलेल्या काठ्यांनी. आत्या म्हणायची, "स्वतःच चेंडू लांब मारायचा आणि स्वतःच आणायला जायचं. ह्यात तुला फसवतंय कोण, तेच कळंना."

तरी मी राज्य पातळीवर खेळले आणि अंधेरीच्या एका कॉलेजातून बोलावणं आलं. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच. कॉलेज कसं निवडतात हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. बाबा मोठ्या इमारतीत शिरले की प्रत्येकाला 'साहेब' म्हणतात, म्हणून आत्याही निघाली. मला ते आवडलं नव्हतं. मला अंधेरीला जाऊ द्यायचं तिच्या मनात नसावं, अशी शंका मला येत होती.

तिथे सगळं चकचकीत होतं. क्रीडा विभागाच्या सरांनी चहा मागवला. फी माफ, प्रशिक्षक, नवं किट. बाबा प्रत्येक वाक्याला मान हलवत होते. भिंतीवर निळ्या जॅकेटातल्या चार मुलींचा मोठा फोटो होता. हातात गोल्फच्या काठ्या.

आत्याने चहाला हात लावला नाही. "ह्या पोरी कुठायत?"

"स्पर्धेला गेल्या आहेत."

"चारी?"

सर हसले. "एक असेल इथे. बोलावतो."

मुलगी आली. तेच निळं जॅकेट. आत्याने तिचे दोन्ही हात हातात घेतले. "किती मऊ हात गं बाळा तुझे! बस ना."

मी त्या हातांकडे बघत राहिले. गोल्फमध्ये हातमोजा एकाच हातात घालतात. माझा डावा हात मनगटापर्यंत गोरा आहे आणि उजवा उन्हाने रापलेला. शाळेत मुली चिडवायच्या, "ए, हा हात कुणाचा उसना आणलास?" त्या मुलीचे दोन्ही हात एकाच रंगाचे होते.

मला मोठ्या माणसांपुढे प्रश्न विचारायची सवय नव्हती. तरी चाचरत विचारलं, "तुम्हाला सोमवारी खेळायला सोडतात का?"

"सोमवारी? सोमवारी तर प्रॅक्टिकल असतं." तिने सरांकडे पाहिलं. आम्हाला लिफ्टपर्यंत सोडायला तीच आली. दार बंद होता होता हळूच म्हणाली, "पहिल्या वर्षी एकदाच नेलं होतं यार, फोटो काढायला. मी पण खेळायलाच आले होते."

मेट्रोत बाबा भडकले. "फुकट शिकवतायत, अजून काय पाहिजे? तुझ्या संशयाने पोरीची वाट लागेल, अक्का!"

"माझा संशय राहू दे," आत्या म्हणाली. "हात तिने बघितलेत. तिलाच विचार."

दोघं माझ्याकडे बघायला लागले. इतकी मोठी गोष्ट मला कधी कुणी विचारली नव्हती. घाटकोपर आल्यावर मी म्हणाले, "बाबा, तिथे माझाही हात तसाच होईल." बाबा स्टेशनचा जिना उतरले. खाली आल्यावर म्हणाले, "मग दुसरं बघू."

दुसरं मुलुंडला मिळालं. जुनी इमारत, भिंतीवर फक्त कबड्डीवाल्यांचे फोटो. खेळाच्या मॅडम म्हणाल्या, "गोल्फमधलं मला काही कळत नाही. सोमवारी सकाळी सोडेन, त्या दिवसाची हजेरी लावेन, विद्यापीठाच्या स्पर्धेला नाव पाठवेन. बाकी काही जमणार नाही." मला वाटलं, आत्या खूश होईल. बाहेर येताच ती पुटपुटली, "एवढं कमी सांगते म्हंजे काहीतरी लपवतेय बाई."

मी तिथेच प्रवेश घेतला. आत्या मात्र दर सोमवारी मॅडमना फोन करायची, "जय भीम मॅडम, पोरीची हजेरी लागली का?" मॅडम आधी वैतागल्या. नंतर मला बघून आपणच म्हणायच्या, "आत्यांना सांग, लागली."

मागच्या हिवाळ्यात आत्या आजारी पडली. डॉक्टरांनी रिपोर्ट चांगला आहे म्हटल्यावर तिने विचारलं, "आणि खालच्या पानावर?" खालच्या पानावरचं आम्ही तिला सांगितलं नाही. ते तिने आमच्या चेहऱ्यांवरून वाचलं असणार. शेवटच्या सोमवारी मी मैदानावर न जाता तिच्या उशाशी बसले होते, तर तिने हाकललं. "जा गं. हजेरी लागलीय ना तुझी? मग खोटी कशाला पाडतेस?"

मी गेले. परत आले तेव्हा ती नव्हती.

आता मॅडमच्या खोलीत कबड्डीच्या शेजारी माझा एक फोटो आहे. परवा त्यांनी मला बोलावून घेतलं. भांडुपहून एक मुलगी आईबरोबर आली होती. तिलाही गोल्फ खेळायचं होतं. मॅडम माझ्याबद्दल चांगलं सांगत होत्या. ती आई फोटोकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत होती. तिने चहाला हात लावला नव्हता.

मी दोन्ही हात टेबलावर ठेवले. "बघा काकू."

तिने आधी दोन्हींचे रंग पाहिले. मग माझा डावा हात उचलला आणि उलटा करून तळवाही पाहिला.