कॅप्टनचा धुण्याचा दगड

सत्तरचं दशक संपत आलं होतं. माणिकपूरच्या एका शाळेत मी इतिहास शिकवत होतो आणि गावातल्या बढाया ऐकून मनातल्या मनात हसत होतो. आखातात गेलेली पोरं सुटीवर आली की पांढरे बूट घालून चर्चमध्ये मिस्साला यायची. त्या बुटांवर माझ्याकडे तयार विनोद होते. स्वतःवर एकही नव्हता.

त्या उन्हाळ्यात विहिरीचा चौथरा सिमेंटचा करायचा म्हणून गड्यांनी धुण्याचा दगड उचलला. तीन पिढ्यांचे कपडे त्यावर आपटले गेले होते. उलटा केला तर खालच्या अंगाला ढालीसारखी आकृती आणि परदेशी अक्षरं. मला त्यातला एकच शब्द लागला: कॅप्टन. तेवढा मला पुरेसा होता. मराठ्यांनी वसईचा किल्ला घेतला तेव्हा एखादा पोर्तुगीज अधिकारी मागे राहिला असणार आणि तोच आमचा मूळपुरुष, हा सिद्धांत मी संध्याकाळच्या चहापर्यंत पूर्ण केला. पुरावा म्हणून माझं नाक होतं. आरशात बाजूने पाहिलं की ते लष्करी वाटायचं.

दगड मी ओटीवर आणून उभा केला आणि दोन्ही बाजूंना कुंड्या ठेवल्या. आई नव्या सिमेंटवर कपडे आपटू लागली. खरखरीत सिमेंटने शर्टांची बटणं फुटायला लागली.

"तुझ्या कॅप्टनला विचार, बटणं तो लावणार का मी?" आई म्हणाली. ती घरच्या बोलीत बोलायची. इथे तिला पुस्तकी मराठीत आणताना तिची धार निम्मी झाली आहे.

बहरीनला क्रेन चालवणाऱ्या धाकट्या भावाला मी चार पानी पत्र लिहिलं. त्याचं उत्तर आलं: "दादा, फोटो लवकर पाठव. आमच्या खोलीत प्रत्येक जण कुठल्या तरी राजाचा पणतू आहे. मीच एक राहिलो होतो."

मग चर्चच्या सभागृहात माझं व्याख्यान ठरलं: 'किल्ल्याचे सेनानी आणि त्यांचे वंशज'. वंशज म्हणजे मी, हे गावभर झालं होतं. करणारा मीच होतो. आता फक्त दगडावरचा मजकूर कुणीतरी वाचून द्यायला हवा होता. व्याख्यानाच्या आदल्या दुपारी मी एका वृद्ध गोवेकर फादरांना रिक्षातून घरी आणलं. त्यांना पोर्तुगीज येत होतं.

फादरांनी अक्षरांवरून ओलं फडकं फिरवलं आणि अगदी जवळ जाऊन वाचलं. "ही कबर कॅप्टन अमुक याची," नाव झिजलं होतं, "आणि त्याच्या वारसांची."

"वारसांची!" मी आईकडे वळलो. "ऐकलंस?"

"हा दगड आधी कुठे होता?" फादरांनी विचारलं.

"विहिरीवर, फादर. धुणं धुवायला," आईने सांगून टाकलं.

फादर कुंडीशेजारी टेकले. "मास्तर, तहात पोर्तुगीजांना शस्त्रांसकट, ढोल वाजवत बाहेर पडायची मुभा होती. कॅप्टन लोकांचे वारस बोटींत बसून निघून गेले. इथे वारस उरला असता तर त्याने बापाच्या कबरीवर चड्ड्या धुतल्या असत्या का?"

"मग आमचा पूर्वज कोण?"

"हा दगड ज्याने किल्ल्यातून उचलून आणला तो. बैलगाडी असावी त्याच्याकडे."

आईने तोंडाला पदर लावला, पण खांदे हलत होते.

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलं. आगाशीहून माझे सासरे आले होते आणि जावयाचा वंश ऐकायला पहिल्या रांगेत बसले होते. कॅप्टनच्या शौर्यावर बोलायचं, वारसांचा विषय टाळायचा आणि 'काही गोष्टी काळाच्या उदरात गडप झाल्या' असं म्हणून खाली बसायचं, हे मी ठरवून आलो होतो. दोन पानं शौर्य झालं. गडप करायची वेळ आली तेव्हा सासऱ्यांशेजारी बसलेल्या आईवर नजर गेली. ती माझ्या छातीकडे बघत होती. शर्टाचं दुसरं बटण नव्हतं.

मी कागदाची घडी केली. "सेनानी ढोल वाजवत गेले," मी म्हणालो. "आमचा माणूस मागून गाडी घेऊन आत शिरला आणि त्याने चांगला सपाट दगड निवडला. वंशज आम्ही त्याचे."

सासरे छताकडे बघू लागले. मग मागून कुणीतरी ओरडलं, "मास्तर, आमच्या विहिरीवर पण एक आहे!"

"आमच्या गोठ्यात दोन!"

हशा थांबेना. टाळ्या एवढ्या मला पुढे कधीच मिळाल्या नाहीत, आणि त्या दिवशी मी त्या कमावलेल्याही नव्हत्या. बटणाने कमावल्या होत्या.

सोमवारी चौघांनी मिळून दगड परत विहिरीवर नेला. "अक्षरं वर ठेवू?" मी विचारलं.

"खाली," आई म्हणाली. "खाचांत साबण अडकतो."

भावाला फोटो पाठवला. त्यात आई आहे, दगड आहे आणि दगडावर माझा शर्ट आहे. खोलीतल्या राजांना त्याने काय सांगितलं, ते मी विचारलं नाही.