पाणी खराब आहे

तलावकाकांचं खरं नाव पगाराच्या दिवशीच काय ते कुणाला आठवायचं. शाळेच्या बंदिस्त पोहण्याच्या तलावाची राखण त्यांच्याकडे होती. माणूस तसा नाकावर माशी बसू न देणारा. अंघोळ न करता कुणी उतरलं, की आधी शिट्टी आणि मग पोराच्या सात पिढ्यांचा उद्धार. पाण्याला मात्र ते तळहातावरच्या फोडासारखं जपत. कुणी पाण्याबद्दल तक्रार केली, की आधी दोरीवर फलक टांगायचा, ‘पाणी खराब आहे, उतरू नये’, आणि मग नळीत पाणी घेऊन तपासायचं. हा नियम त्यांचा स्वतःचा होता आणि त्याचा त्यांना कोण अभिमान!

त्या वर्षी पोहण्याच्या संघात एक मुलगी आली. आईबाप दुसऱ्या मुलखातून येऊन इथे राहिलेले. रंगाने ती बाकीच्यांपेक्षा कितीतरी काळी, आणि पाण्यात सगळ्यांच्या पुढे. मुलं तिला नावाने हाक मारत नसत. वर्ष सरत आलं तरी ती आपली ‘नवी’च.

आणि संघाचा कॅप्टन? पोरगं कसलं, साखरेचा खडा! काकांसाठी दार उघडून धरायचा, त्यांच्या दुखऱ्या गुडघ्याची चौकशी करायचा. त्याने कधी आवाज चढवला नाही, कुणाला साधा धक्का मारला नाही. फक्त अधूनमधून काकांजवळ येऊन हळूच म्हणायचा, “काका, पाण्याला कसलासा वास येतोय का हो? मला उगाच वाटत असेल.”

झालं, काका फलक टांगायचे. मग मुलं बाहेर यायची. आरडाओरडा नाही, खिदळणं नाही. सगळी काठावर ओळीने उभी राहायची आणि पाण्यात एकट्या उरलेल्या नवीकडे बघत राहायची. हॉलमध्ये तेवढी फिल्टरची घरघर. प्रत्येकाच्या तोंडावर तेच बारीकसं, शहाणं हसू. ती पाण्याबाहेर येऊन कपडे बदलायच्या खोलीत जाईपर्यंत ओळ हलत नसे. त्या ओळीत काकांची नातही असायची.

मागाहून काका पाणी तपासायचे. पाणी दर वेळी चांगलंच निघायचं. रिकाम्या हॉलमध्ये ते फलक उतरवून ठेवायचे. ‘पाणी चांगलं आहे’ असा फलक त्यांच्याकडे नव्हता, आणि विचारायला कुणी येतही नव्हतं.

स्पर्धेच्या निवडीच्या आदल्या दिवशी ते फरशी धुवायला आले, तर नवी काठावरच्या नळापाशी बसलेली. हातात काकांचा फरशी घासायचा ब्रश. ती त्याने स्वतःचं कोपर घासत होती. कातडी सोलून लाल झाली होती.

“अगं, काय करतेस हे?” काकांनी ब्रश हिसकावून घेतला.

“काका, पाणी माझ्यामुळेच खराब होतं ना?” तिने अगदी सरळ विचारलं. “मी उतरले की फलक लागतो. आधी मला वाटायचं, मुलं खोटं बोलतात. पण तुम्ही कशाला खोटा फलक लावाल? उद्या लागला तर मी परत येणार नाही. आईलाही सांगून ठेवलंय.”

काकांनी नळ बंद केला. ते तडक कॅप्टनकडे गेले. “का रे, वास येतो म्हणून थापा मारतोस?”

कॅप्टन हसला. “मी कुठे काय सांगितलं, काका? मी तर नुसतं विचारतो. फलक तुम्ही लावता.”

काकांना त्याच्या कानाखाली एक आवाज काढावासा वाटला. पण हात उठेना. पोराचं एक अक्षर खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी निवडीला सगळी पाण्यात उतरली. नवीने पहिला हात मारला न मारला, तोच कॅप्टन काठाला आला. “काका, मला उगाच वाटत असेल, पण...”

बाकीची पुढचं ऐकायला थांबलीच नाहीत. एकामागून एक वर येऊन ओळीत उभी राहिली. नवी पाण्यात थांबली आणि तिने दोरीकडे पाहिलं.

दोरी रिकामी होती. काका आपला पाण्याचा पेला घेऊन काठाशी आले, दुखरा गुडघा टेकून वाकले आणि नवीच्या अगदी जवळचं पाणी पेल्यात भरून पिऊन टाकलं. क्लोरीनने नाकाला झिणझिण्या आल्या.

“पाणी चांगलं आहे!” ते ओरडले. “दर वेळी चांगलंच होतं! मी ते कुणाला सांगितलं नाही, हा माझा नालायकपणा.”

“शी, आबा!” ओळीतून आवाज आला. त्यांची नातच ती.

निवड घ्यायला आलेल्या सरांनी शिट्टी वाजवली. नवी पोहली आणि पहिल्या झटक्यात निवडली गेली. बाहेर येऊन काकांकडे बघून ती हसली, सोललेलं कोपर हाताने झाकून. काकांनी त्या फलकाचे गुडघ्यावर दोन तुकडे केले आणि कचऱ्यात टाकले.

संध्याकाळी जेवताना त्यांनी रोजच्यासारखा नातीचा पेला भरून तिच्यापुढे ठेवला.

“नको आबा, मी घेते हं,” ती म्हणाली. ती पेला घेऊन मोरीपाशी गेली. पाणी ओतून दिलं, पेला विसळला, नाकाशी धरला, पुन्हा विसळला. मग नव्याने भरून आणला आणि आबांपासून जरा लांब सरकून बसली. तोंडावर तेच बारीकसं, शहाणं हसू होतं.