गुडरूनच्या घशातला घास

जर्मनीतल्या कासेल शहरात, पोहण्याच्या तलावावर गुडरून ग्रेबे तीस वर्षं तिकिटं विकत होती. बोलकी बाई. खिडकीपाशी रांग खोळंबली तरी समोरच्याच्या गुडघेदुखीची चौकशी केल्याशिवाय तिकीट द्यायची नाही. खायचीही आवडीने.

तीच बाई दीड वर्षापासून चारचौघांत जेवत नव्हती.

भावाच्या लग्नाच्या वाढदिवसाला सॉसेजचा एक तुकडा तिच्या घशात अडकला होता. श्वास आत जाईना, आवाज बाहेर येईना. समोर सगळे हसतखिदळत होते आणि कुणाचं लक्षच नव्हतं. शेवटी भाचेसुनेने पाठीत गुद्दे घातले, तुकडा बाहेर पडला. "हावरटासारखं खाशील तर असंच होणार!" भाऊ म्हणाला, आणि सगळ्यांबरोबर तीही हसली. घरी गेल्यावर मात्र तिने फ्रीजमधली सगळी सॉसेजेस कचऱ्यात टाकली.

त्यानंतर घरी सूप, कुस्करलेले बटाटे, दही. कुणी बोलावलं की आज दात दुखतोय, उद्या पोट बरं नाही. वजन उतरलं. शेजारीण म्हणायची, "काय छान बारीक झालीस गं!"

आणि आता तिच्या मुलीने, वीब्केने, नेमकं सॉसेजच्याच हॉटेलात टेबल राखून ठेवलं होतं. तिला तिचा मित्र लोरेन्झ आईला भेटवायचा होता. नाही म्हणायला गुडरूनला तोंडच उरलं नाही.

हॉटेल साधंच, लांब लाकडी बाकांचं. काउंटरवरच्या पाटीवर रानडुकराचं, हरणाचं, सफरचंद घातलेलं, एक तर चक्क अंजीर घातलेलं सॉसेज. गुडरूनने दारात शिरताच पाण्याचा नळ कुठे आहे ते पाहून ठेवलं. मग ती बाकाच्या टोकाला बसली, उठायला सोपं पडावं म्हणून.

"काकू, हे हरणाचं घ्या, झकास असतं," लोरेन्झ म्हणाला.

तिने मान हलवली. ताटली आली. सुरीखाली साल टचकन फुटली. तिने कागदासारखी पातळ चकती कापली. मग दुसरी. मग तिसरी. तोंडात एकही गेली नाही.

"आई, खा ना गं."

"खातेय की. गरम आहे जरा."

वाफ केव्हाच गेली होती. शेवटी तिने एक चकती तोंडात घातली, चावत राहिली, चावत राहिली, आणि गिळायची वेळ आली तशी घशाने दार लावून घेतलं. तोंडावर रुमाल धरून ती बाहेर पळाली.

वीब्के मागोमाग आली. तिचा चेहरा आईपेक्षा पांढरा पडला होता.

"आई, मला खरं सांग. किती दिवस राहिलेत?"

"कशाचे?"

"मला काय दिसत नाही? कपडे लोंबताहेत अंगावर. दरवेळी नवीन बहाणा. कुठला कॅन्सर आहे? डॉक्टर काय म्हणतात?"

गुडरूनला आत्ता कळलं. पोरगी इतके महिने हे मनात घेऊन झोपत होती तर.

"अगं वेडे, मला काहीसुद्धा झालेलं नाही. मला... मला गिळायची भीती वाटते." एवढंच बोलायला तिला घाम फुटला. मग भावाच्या घरचं सगळं तिने सांगितलं. वीब्के रडली, मग चिडली, "एवढंच होतं तर बोलायचं नाही?" आणि पुन्हा रडली.

दोघी आत आल्या. वीब्केने लोरेन्झला दोन वाक्यांत सांगून टाकलं. गुडरूनला वाटलं, आता हा हसणार. तो उठला आणि काउंटरवरून एक पांढरं सॉसेज घेऊन आला.

"आमच्या म्युनिककडे हे सोलूनच खातात काकू. साल खाल्लीत तर उलट लोक बघतील." त्याने सुरीने चीर दिली, साल सोलून बाजूला ठेवली. आत मऊ, लुसलुशीत.

तिने सुपारीएवढा तुकडा घेतला. पाण्याचा पेला डाव्या हातात घट्ट धरला. वीब्के मुद्दाम दुसरीकडे बघत होती. घास खाली उतरायला फार वेळ लागला, पण उतरला.

अर्धं सॉसेज तिने खाल्लं. उरलेलं लोरेन्झने संपवलं.

पुढच्या आठवड्यात वीब्के तिला घशाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. घसा धडधाकट होता. भीती जायला वेळ लागेल, ते म्हणाले. अजून ती बाकाच्या टोकालाच बसते. पण महिन्यातून एकदा तिघं तिथे जातात, आणि ती एकटी उशिरापर्यंत खात असली तरी कुणी घाई करत नाही.