माल बघणारी दाढ

लातूरच्या मोंढ्यात, तिथल्या धान्यबाजारात, माणिकप्पांची दाढ म्हणजे शेवटचा शब्द. शिवप्रसादशेठच्या आडतीच्या दुकानावर सोयाबीनचं पोतं सुटलं की आप्पा मूठभर दाणे उचलणार, त्यातला एक उजव्या दाढेखाली धरणार आणि डोळे मिटून दाबणार. वाळला असेल तर दाणा कट्‌कन फुटतो, ओला असेल तर चपटा होतो. एवढ्यावरच माल घ्यायचा की वाळवायला परत पाठवायचा हे ते सांगत. चाळीस वर्षं हेच चाललं होतं.

यंदा दसऱ्यापासून त्यांची खालची उजवी दाढ ठणकायला लागली. लवंग झाली, मिठाचं पाणी झालं, शेजाऱ्याचं मलम झालं. पौष उजाडला तेव्हा माणूस पार थकून गेला आणि नाइलाजानं दवाखान्यात गेला. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी फोटो काढला आणि सांगितलं, "खालची दाढ चांगली आहे, आजोबा. वरची चिरलीय. रूट कॅनल करून कॅप बसवावी लागेल."

आप्पा फोटो घेऊन उठले. घरी आल्यावर बायकोपुढं तोंड सुटलं. "दुखतंय खाली अन् ही बाई वरची उकरायचं म्हनती. पोटात दुखलं तर पाठीवर औषध लावावं का?"

"तिनं शिकून घेतलंय की," रत्नम्मा म्हणाल्या.

"मी बी चाळीस साल दातावरच काढलेत."

मोंढ्यात एखाद्या मालावरून वाद झाला तर दुसऱ्या माल बघणाऱ्याला बोलावतात, आणि पहिला काय म्हणाला ते त्याला सांगत नाहीत. आप्पांनी स्वतःच्या दाढेलाही हाच न्याय लावला. नांदेडला लेक सुकन्या दिली होती. फोटो पिशवीत तळाशी दडवून ते एसटीत बसले. अहमदपूर, लोहा करत गाडी पोचेपर्यंत प्रत्येक खड्डा दाढेनं मोजला. सुकन्यालाही त्यांनी फक्त "दाढ दाखवायची हाय" एवढंच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ती त्यांना डॉक्टर मुनीब यांच्याकडे घेऊन गेली. आप्पांनी खालच्या दाढेवर बोट ठेवलं आणि तोंड उघडून गप्प बसले. डॉक्टरांनी ती ठोकून पाहिली, थंड लावून पाहिलं. काही नाही. मग त्यांनी प्लास्टिकची एक बारकी काडी वरच्या दाढेखाली धरली.

"चावा, काका. अजून जोरात. आता सोडा."

सोडताक्षणी कळ कानातून थेट डोक्यात गेली आणि आप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"वरचीच चिरलीय. दुखणं खाली जाणवतं, असं होतं कधीकधी," डॉक्टर म्हणाले. मग आरसा डावीकडे नेऊन त्यांनी जरा वेळ लावला. "आणि इकडच्या दाढेलाही चीर गेलीय. दोन्हींना कॅप लागेल. कडक काही फोडता का दातानं?"

"सोयाबीनचा दाणा," आप्पा म्हणाले. गेले होते एक दाढ सोडवायला आणि दोन गळ्यात पडल्या. पण वाद घालायला जागाच उरली नव्हती. दाताखाली धरायचं, दाबायचं आणि समजून घ्यायचं, ही परीक्षा त्यांचीच होती.

इंजेक्शन देऊन झाल्यावर, जबडा बधिर व्हायची वाट बघताना डॉक्टर सहज म्हणाले, "या बाजूनं बरेच दिवस तुम्ही पूर्ण जोरानं चावलं नसणार."

"चावतो की मी."

"तुम्हाला वाटतं तसं. दुखेल म्हणून जबडा आपोआप अर्ध्यावर थांबतो. माणसाला पत्ताही लागत नाही."

खुर्चीत पडल्यापडल्या आप्पांना मोंढ्यातले दाणे आठवले. अर्ध्या जोरानं दाबला तर वाळलेला दाणाही फुटत नाही. औशाकडची साखराबाई दिवाळीच्या तोंडावर सहा पोती घेऊन आली होती. ओलं म्हणून त्यांनी परत पाठवलं. आठ दिवसांनी ती पुन्हा आली. "आप्पा, चार उन्हं दिलीत की," म्हणाली. दाणा पुन्हा फुटला नाही, आणि आप्पांनी तिच्याकडे वर न बघता हात हलवला. अशा किती जणांकडे हात हलवला असेल, ते आठवायची त्यांना हिंमत होईना.

दाढेचं काम उरकून बाहेर येताच त्यांनी शेठला फोन लावला. शेठनं चार वर्षांपूर्वी ओल मापायचं यंत्र आणलं होतं, पण आप्पांचा रुसवा बघून ते खोक्यासकट माळ्यावर टाकलं होतं. जड जिभेनं आप्पा सावकाश म्हणाले, "शेठ, ते यंत्र काढा आता. माझ्याच्यानं चुका झाल्यात."



"आप्पा, रागावू नका," शिवप्रसाद म्हणाले. "दिवाळीपासून यंत्रानंच बघायलोय आम्ही. तुम्ही जेवायला गेलाव की तुम्ही परत लावलेला माल पुन्हा मापतो."

"साखराबाईचा?"

"घेतला. कोरडा होता."

"मला का न्हाई सांगितलं?"

"कुणी सांगावं, आप्पा?"

साखराबाईची तिसरी खेप वाचली म्हणून आप्पांना खरंच बरं वाटलं. त्यांनी गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावून डोळे मिटले. पण दिवाळीपासून रोज सकाळी ते दाणा दाढेखाली धरून निकाल देत होते आणि भोवतीचे हमाल, शेतकरी, शेठ, सगळे माना डोलावत होते, हे डोळ्यांपुढून हलेना. लोकांनी मान राखला होता, त्याचंच त्यांना ओझं झालं.

"लई दुखायलंय का, आप्पा?" सुकन्यानं विचारलं.

"हाव," ते म्हणाले. इंजेक्शनाचा अंमल अजून उतरला नव्हता.