बाबांची कवळी

आई गेल्यावर तिचं कपाट आवरताना स्टीलच्या डबीत बाबांची कवळी सापडली. सोबत ठेवलेल्या लवंगांचा वास अजून येत होता.

"वन्सं, हिचं काय करायचं?" वहिनीनं विचारलं. मला बाबा गेले तो दिवस आठवला.

गूळ मार्केटात दिवसभर खणखणीत बोलणारे बाबा आईखेरीज कुणालाच बिनदातांचे दिसले नव्हते. दवाखान्यातून त्यांना घरी आणलं, तेव्हा दारात सगळी गल्ली जमली होती. आई कवळी धुऊन धावत आली आणि त्यांच्या तोंडात बसवायला लागली. पण जबडा आखडला होता.

"आक्का, आता ऱ्हाऊ दे की," मामा म्हणाला.

"त्यास्नी असं कुणी बघितल्यालं न्हाय," आई म्हणाली.

अशा वेळी हिला दातांचं काय सुचतंय, असं तेव्हा मला वाटलं. आता वाटतं, बाबांचं ते बोळकं तोंड फक्त तिच्या ओळखीचं होतं, आणि त्या सकाळी तेही तिच्याकडून गेलं.

शेवटी तिनं त्यांच्या डोक्याला बांधलेल्या पटक्याचा सोगा ओढून त्यांचं तोंड झाकलं. दर्शनाला येणारा प्रत्येकजण तो बाजूला सारायचा, आणि आई पुन्हा झाकायची.